नालातलं उद्गारचिन्ह

१
चिन्ह असं: घोड्याचा नाल, आत उद्गारचिन्ह, रंग पिवळा. काढणाऱ्याच्या मते तो टायरचा छेद आहे. हा दिवा कशाचा, असं ओळखीच्यांना विचारत गेलो. उत्तरं: इंजिन ऑइलचा. ब्रेकचा. सर्व्हिसिंगची आठवण. ‘तो होय? तो असतोच.’

२
दिवा सुरुवातीपासून स्थिर असेल तर हवा कमी. मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवेचं काय ते माहीत नाही, हवा मोजणारं बिघडलंय. दिवा एकच. फरक फक्त पहिल्या मिनिटात कळतो. त्या मिनिटात माणूस पट्टा लावत असतो, फोन अडकवत असतो, वॉचमनला हात करत असतो.

३
निदानाचा क्रम, पुस्तकातला: हातातलं गेज, साबणाचं पाणी, स्कॅनर.
वर्कशॉपमधला: स्कॅनर, नवा सेन्सर, नवा टायर. गेज कोणीतरी नेलंय.

४
रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी सेन्सरची एक डबी. वजन तीसेक ग्रॅम. तिच्यात दाब मोजणारा, तापमान मोजणारा, चाक फिरतंय का ते ओळखणारा, एक छोटा रेडिओ आणि लिथियमचा सेल. गाडी बराच वेळ उभी असेल तर झोपते. ताशी पंचवीस-तीसच्या पुढे वेग गेला की जागी होते आणि मिनिटभराच्या अंतरानं सांगत राहते: मी अमुक नंबर, दाब इतका, तापमान इतकं. गाडी फक्त आपल्या चार नंबरांकडे लक्ष देते. सिग्नलला उभ्या गाड्यांच्या कानावर एकमेकींच्या टायरांच्या बातम्या पडत असतात. सगळ्या सोडून देतात. शेजारधर्म नाही.

५
असली यंत्रणा पहिल्यांदा बसली १९८६ मध्ये, पोर्शे ९५९ या गाडीत. ती गाडी ताशी तीनशेच्या वर जायची. तिच्या मालकांना पंक्चर कळणं गरजेचं होतं.

६
ऑगस्ट २०००. फायरस्टोननं अमेरिकेत ६५ लाख टायर परत मागवले. धावत्या टायरची वरची पट्टी सुटत होती आणि फोर्डच्या एक्स्प्लोरर गाड्या उलटत होत्या. मृतांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. फोर्ड म्हणाली टायर वाईट, फायरस्टोन म्हणाली गाडी वाईट. एक गोष्ट दोघींच्या कागदांवर होती: त्या गाडीला फोर्डनं २६ पीएसआय हवा सांगितली होती, फायरस्टोनच्या मते ३० हवी होती. फरक चारचा. १ नोव्हेंबर २००० ला क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. दिव्याची सक्ती तिथून आली. सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतली प्रत्येक नवी हलकी गाडी दिवा घेऊनच बाहेर पडू लागली.

७
दिवा टायरला ओळखत नाही. तो दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरला ओळखतो. अमेरिकी नियम असा की स्टिकरवरच्या आकड्याच्या २५ टक्के खाली दाब गेला की वीस मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे. स्टिकरवर २६ छापलं असेल, तर २६ बरोबर.

८
निफाड, जानेवारी. पारा सहावर, द्राक्षबागांत शेकोट्या. आदल्या दुपारी तीस अंशांत भरलेली ३३ पीएसआय हवा पहाटे २९ दाखवते. कुठून गेली नाही, तेवढीच आहे, आखडलीय. पण दुपारी मुळात २९ असेल तर पहाटे साडेपंचवीस, आणि २० टक्के घट पकडणाऱ्या गाडीचा दिवा लागतो. दहापर्यंत ऊन वर येतं, रस्ता तापतो, टायर तापतो, दिवा विझतो. अकराला गाडी वर्कशॉपमध्ये. ‘कुठाय दिवा?’

९
अंदाजाला सोपं: दर दहा अंशांमागे दीड पीएसआय. नागपूरकरांनी डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांचं गणित स्वतः करावं.

१०
दुसऱ्या जातीच्या गाड्यांत टायरच्या आत काहीच नसतं. एबीएसच्या ब्रेकसाठी प्रत्येक चाकाचे फेरे तसेही मोजले जातात, त्याच आकड्यांवर ही यंत्रणा जगते. हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं आणि तेवढ्याच अंतरात किंचित जास्त फिरतं. एक चाक इतर तिघांपेक्षा जास्त फिरलं की दिवा.
चारही सारखी कमी झाली तर?
तर कोणी कोणापेक्षा जास्त फिरत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन् महिने उभ्या गाडीची हवा चारही चाकांतून जवळपास सारखीच उतरते.

११
अमेरिकेच्या पहिल्या नियमानं, २००२ मध्ये, असा एक पर्याय दिला होता की एका टायरची घट पकडली तरी पुरे. पब्लिक सिटिझन ही ग्राहकांची संस्था कोर्टात गेली. ऑगस्ट २००३ मध्ये न्यायालयानं तो नियम रद्द केला. चारही टायर, हे न्यायाधीशांना सांगावं लागलं.

१२
या दुसऱ्या जातीच्या गाड्यांत एक बटण असतं, किंवा पडद्यावर एक पर्याय. हवा नीट भरून झाली की ते दाबायचं. अर्थ: आत्ता जे आहे ते बरोबर समज.
विमानतळाच्या रस्त्यावर एक टॅक्सीचालक भेटला. रोज सकाळी दाबतो. ‘पेटला की दाबायचा, विझतो. कंपनीनं सोय दिलीय.’
गाडी दर सकाळी थोडी अधिक कमी हवा बरोबर समजते.

१३
नवी सुधारणा: फेऱ्यांच्या जोडीला चाकाची थरथरही मोजतात. रस्त्यावरून जाताना टायर ठरावीक सुरात कंप पावतो. हवा उतरली की सूर उतरतो. एबीएसच्या तारेतून येणाऱ्या खुणांतून संगणक तो सूर वेगळा काढतो. त्यामुळे चारही टायर एकदम बसले तरी कळू शकतं. स्वीडनमधल्या लिंकोपिंगची निरा डायनॅमिक्स ही कंपनी अशी यंत्रणा बनवते.

१४
कसाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी ट्रक थांबलेला. ड्रायव्हर उतरला, सीटमागून टॉमी काढली आणि एकेका टायरवर हाणत गेला. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. मागच्या जोडटायरांपैकी आतल्यावर: ठप्प. क्लीनरला हाक.

१५
सेन्सरचा सेल पाच ते दहा वर्षं टिकतो. डबी चिकट मसाल्यानं भरून बंद केलेली असते, म्हणजे सेल संपला की डबी संपली. तो एकदम मरत नाही. थंडीत त्याचा जोर कमी पडतो: पहाटे गप्प, दुपारी बोलका. म्हणजे आठव्या टिपणातली गाडी आणि ही गाडी, दोघींची तक्रार एकच: ‘सकाळी दिवा लागतो, दुपारी जातो.’ एकीला हवा हवी, दुसरीला सेन्सर. पहिल्या मिनिटात दिवा लुकलुकला का, एवढा एक प्रश्न विचारला तर निम्मं निदान होतं. जॉबकार्डावर त्यासाठी रकाना नाही.

१६
जॉबकार्डावरचे दोन रकाने, एका वर्कशॉपमधले, जसेच्या तसे.
ग्राहकाची तक्रार: दिवा लागतो.
केलेले काम: दिवा बंद केला.

१७
पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या एकानं संपलेली डबी कटरनं उघडून, मसाला कोरून, नवा सेल डाग देऊन बसवला. चालू झाली. पुन्हा बंद करायला त्यानं जो गोंद भरला त्याचं वजन त्यानं केलं नव्हतं. आता ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. दिवा मात्र नाही.

१८
डॅशबोर्ड म्हणतो: पुढचं डावं, २४. पंक्चरवाल्यानं पुढच्या डाव्याला साबण लावला, पाण्यात बुडवला, फिरवून पाहिला, बुडबुडा नाही. पुन्हा बुडवला. खिळा मागच्या उजव्यात होता. मधे कधीतरी टायरांची अदलाबदल झाली आणि गाडीला कोणी सांगितलं नाही. सेन्सर खरं बोलतो, पत्ता जुना.

१९
नवा पत्ता सांगायची पद्धत कंपनीगणिक वेगळी. काही गाड्या चालता चालता आपोआप शिकतात. काहींना स्कॅनरच्या तारेतून शिकवावं लागतं. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत हातातलं यंत्र घेऊन चाकांभोवती फिरायचं: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. एकेक चाक पटलं की हॉर्न वाजतो. प्रदक्षिणा. उलटी घातली तर फळ उलटं.

२०
शिकवताना शेजारी दुसरी तशीच गाडी नको. तिचंच चाक ‘माझं’ म्हणून नोंदवलं जाऊ शकतं. मग दोघी वेगळ्या रस्त्यानं गेल्या की एकीचं एक चाक हरवतं.

२१
चारही टायर गेजनं तपासले, चारही चोख, तरी दिवा. काही मॉडेलांत पाचवा सेन्सर स्टेपनीत असतो. स्टेपनीची हवा शेवटची कधी पाहिली, हे कोणीच सांगू शकत नाही. डिकीतलं सामान काढण्यापेक्षा दिवा बरा, असं एका कुटुंबाचं मत पडलं. लग्नाला निघाले होते.

२२
भावानं अमेरिकेहून येताना सेन्सरचा संच आणला, स्वस्त पडला म्हणून. अमेरिकेतले बरेच सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात. युरोपातल्या आणि इकडच्या गाड्या ४३३.९२ वर ऐकतात. टायरवाल्याच्या हातातलं यंत्र दोन्ही ऐकतं. त्यावर सगळं हिरवं: सेल चांगला, दाब ३३. गाडीच्या पडद्यावर चार आडव्या रेघा. भाऊ परत गेला.

२३
हीच ४३३ ची पट्टी रिमोट चाव्या वापरतात, गेट उघडायचे रिमोट वापरतात, दारावरच्या बिनतारी घंटा वापरतात. गर्दी आहे.
निदानातली सगळ्यात स्वस्त पायरी: बारा व्होल्टच्या सॉकेटमधून सगळं उपटा. चार्जर, डॅशकॅम, सुगंध सोडणारा निळा दिवा. एका गाडीचा ‘सेन्सर बिघाड’ सव्वाशे रुपयांच्या चार्जरपाशी संपला. तोवर दोन सेन्सर बदलून झाले होते.

२४
त्याहून स्वस्त पायरी: गाडी फूटभर पुढे घ्या. चाक एखाद्या विशिष्ट जागी थांबलं की सेन्सरची लहर रिसीव्हरपर्यंत पोचत नाही, मध्ये रिमचं आणि चाकाच्या कमानीचं लोखंड. फूटभर पुढे घेतल्यावर आकडा आला तर सेन्सर जिवंत आहे.

२५
देवगड, मालवण, वेंगुर्ला. खारी हवा. सेन्सरला जोडलेल्या व्हॉल्व्हची दांडी बऱ्याचदा ॲल्युमिनियमची. आतली पिन साध्या पितळेची बसवली की दोन धातू आणि ओलावा यांचं काम सुरू होतं. निकेलचा मुलामा दिलेली पिन हवी. दिसायला फरक थोडा, किमतीत त्याहून थोडा. त्यातच कोणी हौसेनं धातूची टोपणं लावतो: कवटी, बंदुकीची गोळी, षटकोनी निळी. वर्षभरानं टोपण फिरत नाही. पकडीनं फिरवलं की फिरतं, पण दांडीसकट. सेन्सर ठीक होता.
काळं प्लॅस्टिकचं टोपण पाच रुपयाला चार.

२६
‘आत सेन्सर आहे का?’ असं विचारणारं पंक्चरचं दुकान आणि न विचारणारं. विचारणारा वीस-तीस रुपये जास्त घेतो. गर्दी न विचारणाऱ्याकडे.
यंत्रावर टायर उतरवताना व्हॉल्व्ह पात्यापासून दूर कुठे ठेवायचा हे ठरलेलं असतं. रस्त्याकडेला यंत्र म्हणजे दोन टॉम्या आणि एक टाच. टॉमी घालायला सगळ्यात सोयीची फट व्हॉल्व्हपाशीच सापडते.

२७
जुलै २०२०. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या, ड्रायव्हर धरून नऊ आसनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर असतील, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी दिली नाही तरी चालेल. जागा वाचते, वजन वाचतं. विजेच्या गाड्यांना बॅटरीसाठी ती जागा हवीच होती.

२८
दुरुस्ती संचातली मुख्य वस्तू म्हणजे बाटलीतलं चिकट द्रव्य. व्हॉल्व्हमधून आत सोडायचं, गाडी चालवायची, ते भोकापाशी जाऊन घट्ट होतं. सेन्सरला दाब कळतो एका बारीक छिद्रातून. तेही भोकच.

२९
काही बाटल्यांवर ‘सेन्सरला सुरक्षित’ असं छापलेलं असतं. अक्षरं लहान आहेत. रात्री, पावसात, मोबाइलच्या उजेडात वाचायची.

३०
पेट्रोल पंपावर साधी हवा फुकट, नायट्रोजनला पैसे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी चाकामागे दहा-वीस रुपये. नायट्रोजनचा खरा फायदा तो कोरडा असतो हा. पावसाळ्यात पंपाच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते रोज सोडायचं असतं. सोडलं नाही तर हवेबरोबर टायरात, पिनेवर, सेन्सरवर. टाकीखालचा तो नळ उघडताना मी कोणाला पाहिलेलं नाही, गंजलेला पाहिलाय.

३१
पंपावरच्या डिजिटल यंत्राला ३३ सांगितलं. बीप. घरच्या गेजवर ३०. डॅशबोर्डवर ३१. पोराला सांगितलं तर म्हणाला, ‘मग सरासरी काढा.’

३२
अमेरिकेत गॅरेजवाल्यानं सुरक्षेचं कुठलंही चालू साधन जाणूनबुजून निकामी करायचं नाही, असा कायदा आहे. दिवाही त्यात आला. पण गाडी आली तेव्हाच सेन्सर मेलेला असेल तर त्यानं साधा रबरी व्हॉल्व्ह बसवून दिला तरी तो दोषी नाही. म्हणून तिथले टायरवाले गाडीला हात लावण्याआधी चारही सेन्सर तपासून कागदावर लिहून घेतात, ग्राहकाची सही घेतात.
इकडे तेच काम एक वाक्य करतं: ‘आमच्याकडे आली तेव्हाच असं होतं.’

३३
अमेरिकेतच काही जणांनी हिवाळी चाकांसाठी वेगळे सेन्सर घ्यायचं टाळलं. मूळचे चारही सेन्सर काढले, प्लंबरकडच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घातले, दोन्ही टोकं बंद केली, एक व्हॉल्व्ह बसवून ३५ पीएसआय हवा भरली आणि पाइप डिकीत ठेवला. काही मॉडेलांत हे चालतं. गाडीच्या मते चारही टायर आयुष्यात कधी नव्हते इतके समसमान.

३४
आपल्याकडे पाइपची गरज नाही. काळी टेप.

३५
अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याचा २०१२ चा अभ्यास. टायरमधल्या सेन्सरची यंत्रणा असलेल्या गाड्यांत, नसलेल्यांच्या तुलनेत, २५ टक्के किंवा त्याहून अधिक हवा कमी असण्याची शक्यता ५५.६ टक्क्यांनी घटली. लोक शिव्या देतात, टेप लावतात, तरीही.

३६
रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं: टायरचे सेन्सर उघड्यावर बोलतात, कुलूप नाही, ओळख तपासणं नाही. चाळीस मीटरवरून ऐकता येतं. प्रत्येकाचा नंबर कायमचा, म्हणजे कोणती गाडी कधी गेली हेही नोंदवता येतं. धावत्या गाडीतून शेजारच्या धावत्या गाडीला खोटा निरोप पाठवून त्यांनी तिचा दिवा पेटवूनही दाखवला.
कोणाला आपला माग काढायचा असेल, तर नंबर प्लेट आहेच. पण ती बदलणारेही टायर बदलताना सेन्सर तेच ठेवतात.

३७
जुन्या गाडीसाठी बाहेरून लावायचा संच मिळतो: व्हॉल्व्हच्या टोपणांच्या जागी चार सेन्सर, डॅशबोर्डवर सौरऊर्जेवर चालणारा पडदा. सेल बदलता येतो, हे मोठं सुख. चोरी होऊ नये म्हणून खाली एक नट. हवा भरायची तर आधी पान्यानं नट सोडवायचा, मग सेन्सर, मग हवा, मग उलट क्रमानं. मागे रांगेत हॉर्न. परिणामी हा संच लावलेले लोक हवा कमी वेळा भरतात. पण कमी आहे हे त्यांना दशांश चिन्हापर्यंत माहीत असतं.

३८
साध्या रबरी दांडीवर या टोपण-सेन्सरचं वजन वेगात बाहेर खेचलं जातं. कालांतरानं रबर बुडाशी चिरतं आणि तिथून हवा जाते. पडद्यावर ते अचूक दिसतं.

३९
वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर. सहाशे मीटरहून जास्त चढ. वर बाहेरची हवा विरळ, म्हणून हातातलं गेज टायरचा दाब पीएसआयभर जास्त दाखवतं. वर गारठा असेल तर दोनेक पीएसआय उतरतातही. बेरीज-वजाबाकी होऊन उत्तर काहीही.
लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हा फरक समुद्रसपाटीच्या मानानं पाचचा होतो. सेन्सर बहुधा निरपेक्ष दाब मोजतो. गाडीनं त्यातून समुद्रसपाटीचाच आकडा वजा केला, तर डॅशबोर्डवर काही बदल नाही. गेजवाला म्हणतो ३८, गाडी म्हणते ३३. तिथं सेन्सर बदलून घेणारे असतात म्हणे.

४०
समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, काँक्रीट, मोटारींना वेगमर्यादा १२०. २०२३ मध्ये आरटीओनं काही प्रवेशांपाशी टायर तपासून गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली. टायरची झीज डोळ्यांना दिसते, हवा दिसत नाही.
हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त वाकतो, जास्त तापतो. तापला की आतला दाब वाढतो. सकाळी २६ होता तो शंभरेक किलोमीटरनंतर ३० दाखवू शकतो. दिवा विझतो. टायर तेव्हाच सगळ्यात त्रासात असतो.
आणि बरोबर हवा भरलेला टायर तापून ३८ दाखवतो. थांब्यावर एक जण पिन दाबून ‘जास्तीची’ हवा सोडत होता. चारही चाकांतून, नीट मोजून, ३३ वर आणली.

४१
गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं: दाब टायर गार असताना तपासावा. पुस्तक डॅशबोर्डच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं सील शाबूत.

४२
जुन्या गाडीचा सौदा. विकणारा आदल्या संध्याकाळी स्कॅनर लावून सगळे कोड पुसून घेतो. दिवा विझतो. एखादा सेन्सर बोलत नाही हे गाडीला पुन्हा उमगायला वीसेक मिनिटं चालावं लागतं. ट्रायल म्हणजे सोसायटीच्या गेटपासून चौकातल्या पंपापर्यंत आणि परत. घेणारा उतरतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, पुढच्या टायरवर बुटानं दोन लाथा.
‘हवा व्यवस्थित आहे.’